जाहिरातीतला वेग आणि रात्री नऊचा वेग

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

घरच्या इंटरनेट जोडणीवरून हव्या त्या वेळी हवा तो कार्यक्रम पाहणाऱ्यांसाठी आपल्या दैनिकाने छापलेले मार्गदर्शन वाचले. चित्र वारंवार अडखळत असेल तर अधिक वेगाचा प्लॅन घ्यावा, हा त्यातला मुख्य सल्ला होता आणि सोबत निरनिराळ्या प्लॅनच्या वेगांचा तक्ताही दिला होता. हा सल्ला वाचकांच्या हितासाठीच दिलेला आहे याविषयी शंका नाही. परंतु पुष्कळ घरांत तो पाळल्यावर मासिक बिल वाढते आणि चित्र पूर्वीसारखेच अडते. असे का होते हे समजावून सांगण्यासाठी हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. टीव्ही पाहण्यासाठी जोडणी घेणाऱ्याला केवळ कमाल वेगाचा आकडा सांगणे म्हणजे त्याला उपयोगाचे काहीच न सांगणे होय. रात्री आठ ते अकरा या गर्दीच्या वेळी कोणता वेग सलग टिकतो, हे त्याला कळले पाहिजे आणि ते जाहीर करणे सेवा देणाऱ्या कंपन्यांवर बंधनकारक असले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात गरज किती, ते आधी पाहू. पूर्ण एचडी चित्रात आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या रांगेत १०८० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर ही सारी माहिती जशीच्या तशी पाठवायला १,२०० एमबीपीएसपेक्षा (एक एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा लाख बिट) अधिक वेग लागेल. प्रत्यक्षात पूर्ण एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी, म्हणजे त्याच्या चौपट ठिपके असलेल्या चित्रासाठी, १५ एमबीपीएस पुरतात, असे नेटफ्लिक्स स्वतःच्या ग्राहकांना सांगते. हा चमत्कार कॉम्प्रेशनच्या, म्हणजे माहिती आवळून लहान करण्याच्या, तंत्राचा आहे. २००३ मध्ये एच.२६४ हे मानक आले, २०१३ मध्ये साधारण निम्म्या माहितीत तेवढेच चांगले चित्र देण्याच्या उद्देशाने एचईव्हीसी आले, २०१८ मध्ये एव्ही१ आले. म्हणजे तेच चित्र दाखवायला लागणारी माहिती दर पिढीत कमी होत गेली आणि याच काळात प्लॅनवर छापलेले वेग मात्र काही पटींनी वाढले. एका घरात एक जण फोर-के चित्रपट पाहत आहे, दोन खोल्यांत दोघे पूर्ण एचडीमध्ये काही पाहत आहेत आणि चौथा व्हिडिओ कॉलवर आहे असे धरले, तरी एकूण गरज ३० एमबीपीएसच्या आसपास राहते. मग १०० एमबीपीएसची जोडणी असलेल्या घरात चित्र थांबते कसे, आणि ३०० घेतल्याने ते थांबायचे कसे राहील?

याचे उत्तर मिळवण्यासाठी चित्र घरी येते कसे, हे पाहावे लागते. अँटेना किंवा डिशवरून येणारे प्रक्षेपण हे एकाच वेळी सर्वांसाठी सोडलेले असते. त्यात काही माहिती हरवली तर ती परत मागता येत नाही, म्हणून सिग्नल कमजोर झाला की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. मागणीनुसार पाहताना तसे होत नाही. तिथे प्रत्येक प्रेक्षकासाठी स्वतंत्र प्रवाह असतो आणि तो साध्या वेबपानासारखाच मागवला जातो. कार्यक्रमाचे दोन ते दहा सेकंदांचे छोटे तुकडे सर्व्हरवर आधीच करून ठेवलेले असतात, तेही प्रत्येक तुकडा कमी-अधिक दर्जाच्या अनेक प्रतींमध्ये. टीव्हीवरचे अ‍ॅप एकेक तुकडा मागवते, तो यायला किती वेळ लागला ते मोजते आणि पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा ते ठरवते. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेली डॅश ही पद्धत, दोन्ही याच तत्त्वावर चालतात. वाटेत काही माहिती हरवली तर ती पुन्हा मागवली जाते, त्यामुळे आलेला तुकडा नेहमी धडका असतो. तो वेळेत येतो की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

तो वेळेत न आल्यास सांभाळून घेण्यासाठी अ‍ॅप पुढचे काही तुकडे आधीच आणून साठवून ठेवते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत पाणी असेपर्यंत नळाचा पुरवठा थोडा वेळ बंद पडला तरी घरात कळत नाही, तसेच हे आहे. पुरवठ्यात आलेला लहानसा खंड या साठ्यामुळे प्रेक्षकाला जाणवतच नाही. खंड लांबला की अ‍ॅप कमी दर्जाचे, म्हणजे कमी माहिती लागणारे तुकडे मागवू लागते आणि चित्र धूसर होते. साठाही संपला की मग ते गोल फिरणारे चिन्ह दिसते.

या साऱ्या रचनेतून एक गोष्ट निघते आणि तीच आपल्या मार्गदर्शनातून निसटली आहे. चित्र थांबणे हे सरासरी वेगावर फारसे अवलंबून नसते आणि कमाल वेगावर तर जवळजवळ नसतेच. वेग किती खाली कोसळतो, किती वेळ कोसळलेला राहतो आणि असे किती वेळा होते, यावर ते अवलंबून असते. दिवसभर ४० एमबीपीएस देणारी आणि रात्रीही ३० च्या खाली न जाणारी जोडणी टीव्हीसाठी उत्तम आहे. कागदावर ३०० असलेली, पहाटे खरोखर ३०० देणारी, पण रात्री नऊ वाजता काही मिनिटांसाठी पुन्हा पुन्हा दोन-तीनवर येणारी जोडणी टीव्हीसाठी निरुपयोगी आहे. दुर्दैवाने प्लॅनच्या तक्त्यात ही दुसरी जोडणी पहिलीच्या वर दिसते.

रात्रीच वेग का कोसळतो? कारण घरापर्यंतची वाट सामाईक आहे. केबलच्या जोडणीत एकाच तारेवर पुष्कळ घरे असतात. फायबरच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या रचनांपैकी एक असलेल्या जीपॉनमध्ये घरांकडे येणारा सुमारे २.५ जीबीपीएस, म्हणजे २,५०० एमबीपीएस, एवढा प्रवाह ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण क्षमतेने मागणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ८० एमबीपीएसही येणार नाहीत. ही वाटणी मी फसवणूक मानत नाही. सगळे जण एकाच क्षणी मागत नाहीत या अनुभवावर तर सर्वच सामाईक व्यवस्था उभ्या असतात आणि प्रत्येक घराला स्वतंत्र वाट द्यायची म्हटली तर ती कोणालाच परवडणार नाही. परंतु हा हिशेब ज्या काळात रूढ झाला त्या काळात लोक वेबपाने वाचत असत. पान उघडताना क्षणभर ओढ लागायची आणि ते वाचून होईपर्यंत वाट मोकळी असायची. मागणीनुसार टीव्ही पाहणे हे अगदी वेगळे काम आहे. त्याची ओढ मोठी नसली तरी ती तासन्‌तास चालते आणि वस्तीतल्या बहुतेक घरांत ती एकाच वेळी, जेवणे आटोपल्यावर, सुरू होते. जुन्या हिशेबावर जितकी घरे एका वाटेवर बसवली होती तितकी आता बसत नाहीत. ही कोंडी घराशेजारच्या फायबरच्या तुकड्यातच होते असेही नाही. वस्तीतले उपकरण जिथून कंपनीच्या मुख्य जाळ्याला जोडलेले असते, तो दुवाही तोकडा पडू शकतो. तो वाढवण्याचा खर्च कंपनीचा असतो. तो टाळून ग्राहकाला वरचा प्लॅन विकला तर त्याच अरुंद वाटेवर आणखी मोठ्या आकड्याचे एक आश्वासन उभे राहते, एवढेच होते.

याच्याही पलीकडे एक जागा आहे जी ग्राहकाला कधीच दिसत नाही. कार्यक्रम देणाऱ्या सेवेचे जाळे आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीचे जाळे जिथे एकमेकांना मिळतात, तो सांधा. मोठ्या सेवा आपले लोकप्रिय कार्यक्रम भरलेले सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्याच्या आतच ठेवतात, जेणेकरून तोच चित्रपट हजार वेळा दुरून आणावा लागू नये. नेटफ्लिक्सची ओपन कनेक्ट ही यंत्रणा २०१२ पासून जाहीरपणे हेच काम करते. जिथे असे सर्व्हर नाहीत किंवा जिथे सांध्याची क्षमता वाढवण्याचा खर्च कोणी करायचा यावर दोन कंपन्यांचे पटत नाही, तिथे घरची जोडणी कितीही चांगली असली तरी ठरावीक सेवेचेच चित्र बिघडते. हा केवळ तर्क नाही. अमेरिकेत २०१३ च्या अखेरीस कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांना नेटफ्लिक्सचे चित्र नीट मिळेनासे झाले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये दोन्ही कंपन्यांत थेट जोडणीचा सशुल्क करार झाला आणि त्यानंतर त्याच ग्राहकांना मिळणारा नेटफ्लिक्सचा वेग झपाट्याने वाढला. त्यांच्या घरातली तार तीच होती, राउटर तोच होता आणि प्लॅनही तोच होता. दरम्यानच्या काळात ज्यांनी वरचे प्लॅन घेतले असतील, त्यांनी कशाचे पैसे भरले याचे उत्तर त्यांना कोण देणार?

न्याय सर्वांना सारखाच लावायचा तर घराच्या आतल्या दोषांकडेही पाहिले पाहिजे, कारण ते खरोखर बरेच असतात आणि त्यांचे खापर कंपनीवर फोडणे बरोबर नाही. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी अशी साधारण तीनच चॅनेल बसतात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास याच लहरींवर चालतो. दाट वस्तीत वीस-पंचवीस घरांचे राउटर या तीन चॅनेलवर एकमेकांची बारी येण्याची वाट पाहत असतात. पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जागा अधिक आहे, पण त्या लहरी भिंतींतून कमी पार होतात. म्हणून राउटर एका टोकाच्या खोलीत, कपाटामागे, आणि टीव्ही दुसऱ्या टोकाला अशी रचना असेल तर बाहेरून कितीही वेग आला तरी टीव्हीपर्यंत तो पोहोचत नाही. शक्य असेल त्याने राउटरपासून टीव्हीपर्यंत एक साधी लॅन केबल ओढावी, हा माझा वाचकांना आग्रहाचा सल्ला आहे. अनेक टीव्हींवरचे लॅनचे भोक फक्त १०० एमबीपीएसचे असते, म्हणून काही जण ते कमी प्रतीचे समजून वाय-फायच वापरतात. वर पाहिल्याप्रमाणे फोर-केला १५ पुरतात, तेव्हा स्थिर १०० हे अस्थिर ४०० पेक्षा या कामासाठी कितीतरी चांगले.

घरातला दुसरा दोष अधिक गुप्त आहे. एखाद्याचा फोन जेव्हा दिवसभराची छायाचित्रे क्लाउडवर चढवत असतो, तेव्हा राउटरमधली बाहेर जाणारी रांग तुडुंब भरते आणि टीव्हीने पुढचा तुकडा मागण्यासाठी पाठवलेली छोटीशी मागणीही त्या रांगेत अडकून पडते. याला जाणकार बफरब्लोट म्हणतात. यावरचा उपायही उपलब्ध आहे. रांगेची न्याय्य वाटणी करणारी एफक्यू-कोडेल ही पद्धत २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. ती ज्या राउटरमध्ये आहे तिथे हा त्रास फार कमी होतो. पण कंपनीने बसवून दिलेल्या राउटरमध्ये ती आहे की नाही, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही.

धूसर चित्राचे आणखी एक कारण असे आहे की ज्याचा जोडणीशी काडीचाही संबंध नाही. कार्यक्रमांची चोरी होऊ नये म्हणून ते कुलूपबंद करून पाठवले जातात आणि ते कुलूप उघडण्याची व्यवस्था उपकरणात किती सुरक्षित आहे, यावर उपकरणाला कोणत्या दर्जाचे चित्र द्यायचे ते ठरते. गुगलच्या वाइडवाइन या प्रणालीत एल१ ही पातळी नसलेल्या उपकरणांना अनेक सेवा एचडी चित्र देतच नाहीत. ४८० रेषांच्या चित्रावर त्यांना थांबवले जाते. फोर-केसाठी टीव्ही, मधले उपकरण आणि त्यांना जोडणारी एचडीएमआय वाट या सर्वांत एचडीसीपी २.२ ही चोरीविरोधी व्यवस्था लागते. म्हणजे स्वस्तातले एखादे उपकरण टीव्हीला लावून पाहणारा ग्राहक हजार एमबीपीएसचा प्लॅन घेईल तरी त्याचे चित्र तेवढेच धूसर राहील. याची सूचना पडद्यावर स्पष्ट शब्दांत यायला हवी. या क्षणी मला कोणत्या दर्जाचे चित्र दिले जात आहे आणि ते कमी असेल तर जोडणीमुळे, उपकरणामुळे की माझ्या वर्गणीच्या प्रकारामुळे, हे रिमोटचे एक बटण दाबून कळावे, यात अवघड असे काहीच नाही. अ‍ॅपला हे सारे ठाऊकच असते. त्याशिवाय ते पुढचा तुकडा मागवूच शकत नाही. ग्राहकाला ते न दाखवणे हा निर्णय आहे आणि तो बदलायला हवा.

कार्यक्रम देणाऱ्या सेवा स्वतःहूनही दर्जा खाली आणू शकतात, हे मार्च २०२० मध्ये सर्व जगाने पाहिले. टाळेबंदीत जाळ्यांवरचा भार वाढला तेव्हा युरोपीय आयोगाचे आयुक्त थिएरी ब्रेटन यांच्या विनंतीनंतर नेटफ्लिक्सने युरोपात बिटरेट (दर सेकंदाला पाठवली जाणारी माहिती) ३० दिवसांसाठी कमी केले आणि त्यामुळे आपली वाहतूक सुमारे एक चतुर्थांशाने घटेल असे जाहीर केले. तो निर्णय त्या परिस्थितीत योग्यच होता आणि तो उघडपणे घेतला गेला, हे विशेष महत्त्वाचे. मला एवढेच म्हणायचे आहे की दर्जा ठरवणारे हात अनेक आहेत आणि प्लॅनचा आकडा त्यांतल्या एकाच हातात आहे.

आता वेग मोजण्याच्या चाचण्यांविषयी. तक्रार केली की ग्राहकाला स्पीड टेस्ट करायला सांगितली जाते आणि आकडा चांगला आला की तक्रार बंद होते. या चाचण्या खोट्या नसतात, पण त्या वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतात. बहुधा त्या जवळच्या, कित्येकदा त्याच कंपनीच्या जाळ्यातल्या सर्व्हरपर्यंत जातात, एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात आणि अर्ध्या मिनिटाच्या आत संपतात. त्यातून त्या क्षणी वाट जास्तीत जास्त किती रुंद आहे ते कळते. दोन तासांच्या चित्रपटात ती किती वेळा आणि किती काळ अरुंद झाली, हे कळत नाही. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये सुरू केलेली फास्ट डॉट कॉम ही चाचणी त्यांचे कार्यक्रम ज्या सर्व्हरवरून येतात त्याच सर्व्हरवरून मोजते, म्हणून ती निदान सांध्यापलीकडे तरी जाते. वाचकांनी रात्रीच्या वेळी दोन्ही चाचण्या लागोपाठ, शक्यतो केबलने जोडलेल्या संगणकावरून कराव्यात. साधी चाचणी भरघोस आकडा देते आणि ही दुसरी फारच कमी देते, असे वारंवार होत असेल, तर दोष घरात नाही असे समजावे. दोन्ही सकाळी उत्तम आणि रात्री खराब येत असतील तर वस्तीतली वाट तोकडी पडते आहे. केबलवर दोन्ही उत्तम आणि टीव्ही मात्र अडतो असे असेल तर राउटरची जागा किंवा उपकरण तपासावे.

मी स्वतः अशी तक्रार केली तेव्हा, ज्या कंपनीचे नाव घेण्याची गरज नाही, तिच्या ग्राहक सेवेकडून मला तीन वेगवेगळ्या व्यक्तींनी वरचा प्लॅन सुचवला आणि एकानेही कोणत्या वेळी चित्र थांबते असे विचारले नाही. त्या व्यक्तींना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर तेवढेच पर्याय ठेवलेले असतात. पण ज्याला तांत्रिक भाषा येत नाही, ज्याचे वय झाले आहे, ज्याच्यासाठी संध्याकाळचा एखादा कार्यक्रम हीच दिवसातली मोठी सोबत आहे, अशा माणसाला तर या संवादात आपलेच काहीतरी चुकते आहे असे वाटू लागते आणि तो निमूटपणे अधिक पैसे भरतो. मला या गोष्टीचे सर्वांत अधिक वाईट वाटते.

हे सारे अपरिहार्य आहे असे मुळीच नाही. जिथे नियामकांनी मनावर घेतले तिथे फरक पडला आहे. ब्रिटनमध्ये पूर्वी दहा टक्के ग्राहकांना मिळणारा वेगही ‘पर्यंत’ हा शब्द लावून जाहिरातीत छापता येत असे. मे २०१८ पासून तिथे रात्री आठ ते दहा या वेळात किमान निम्म्या ग्राहकांना मिळणारा वेगच घरगुती जोडणीच्या जाहिरातीत सांगता येतो. त्याच देशात मार्च २०१९ पासून लागू झालेल्या आचारसंहितेनुसार, तिच्यावर सही केलेल्या कंपनीने हमी दिलेला किमान वेग मिळाला नाही आणि तो महिन्याभरात सुधारला नाही, तर ग्राहक दंड न भरता करार सोडू शकतो. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमानुसार घरगुती जोडणीच्या करारात किमान, सर्वसाधारणपणे मिळणारा, कमाल आणि जाहिरातीतला असे चारही वेग लिहावे लागतात. अमेरिकेत एफसीसी ही दूरसंचार नियामक संस्था २०११ पासून प्रत्यक्ष ग्राहकांच्या घरी छोटी यंत्रे बसवून संध्याकाळी सात ते अकरा या वेळातला वेग मोजत आली, आणि एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक प्लॅनसोबत सर्वसाधारणपणे मिळणारा वेग व विलंब सांगणारी पट्टी लावणे सक्तीचे झाले. यांतला ब्रिटनचा जाहिरातीविषयीचा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो ग्राहकाच्या हाती करार येण्यापूर्वीच, म्हणजे तो निवड करत असतानाच, त्याला खरा आकडा दाखवतो. करारातल्या बारीक अक्षरांपर्यंत पोहोचेपर्यंत निवड होऊन गेलेली असते.

तरीही तो नियम पुरा नाही. निम्म्या ग्राहकांना मिळणारा वेग सांगितला की उरलेल्या निम्म्यांचे काय, हे झाकलेलेच राहते, आणि टीव्हीच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे आहे. गर्दीच्या वेळी दहापैकी नऊ घरांना जो वेग सलग मिळतो तो आकडा छापला पाहिजे, आणि तो शक्य तितक्या लहान परिसरापुरता असला पाहिजे, कारण संपूर्ण देशाच्या सरासरीत एखाद्या कोंडलेल्या वस्तीचे दुखणे विरून जाते. कंपन्या म्हणतील की असे मोजणे अवघड आहे. प्रत्येक राउटरची वाहतूक, प्रत्येक दुव्यावरचा भार त्यांच्या नियंत्रण कक्षात मिनिटागणिक नोंदला जातो. ती नोंद नसती तर त्यांना जाळे चालवताच आले नसते. नोंद आहे, ती जाहीर करण्याची सक्ती नाही. घरगुती प्रेक्षक काय पाहतो हे उघड न करताही वस्तीच्या पातळीवरचा हा आकडा सहज देता येतो, तेव्हा खाजगीपणाची सबबही इथे लागू होत नाही.

नियम होतील तेव्हा होतील. वृत्तपत्राच्या हाती मात्र आजही काही आहे. आपल्या मार्गदर्शनासोबतचा तक्ता अनेक वाचक कापून ठेवतात आणि त्यावरून प्लॅन निवडतात. पुढच्या वेळी असा तक्ता छापण्यापूर्वी आपण प्रत्येक कंपनीला चार प्रश्न लेखी विचारावेत, अशी माझी विनंती आहे. रात्री आठ ते अकरा या वेळात दहापैकी नऊ ग्राहकांना सलग मिळणारा वेग किती, मोठ्या कार्यक्रम सेवांचे सर्व्हर आपल्या जाळ्यात आहेत की नाहीत, दिलेल्या राउटरमध्ये रांगेची न्याय्य वाटणी करणारी सोय आहे का, आणि सांगितलेला वेग न मिळाल्यास ग्राहकाला दंड न भरता किती दिवसांत बाहेर पडता येते. मिळालेली उत्तरे कमाल वेगाच्या रकान्याच्या आधी, ठळक अक्षरांत छापावीत, आणि ज्या कंपनीने उत्तर दिले नाही तिच्या नावापुढे ‘माहिती दिली नाही’ असे छापावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक